वाट दारापासून मोजायची

वळसंग

पहिल्यांदा हे सांग, तासाभराचा प्रवास म्हणून जगाला फसवायला तुम्हा विमानवाल्यांना कुणी शिकवलं? सोलापूर ते गोवा, हवेतून तीनशे किलोमीटर, तास-सव्वा तास, असं तू फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतंस. मी घरून निघाले तेव्हा कोंबडं आरवत होतं आणि मडगावला टेकले तेव्हा लोक जेवून आडवे झाले होते. विमानाच्या आधी दोन तास येऊन बसा म्हणे. का? ते काय अंडं आहे, मी समोर बसल्याशिवाय उबणार नव्हतं? त्यात तिथल्या तपासणीच्या बाईनं माझ्या चंचीतला अडकित्ता काढून घेतला. माझ्या सासूच्या हातचा अडकित्ता. मी म्हटलं, "बाई, ह्यानं सुपारी फुटंना धड, विमान काय फुटतंय?" ती हसली, पण अडकित्ता काही दिला नाही. म्हणजे तासाभराच्या प्रवासात माझा दिवस गेला, अडकित्ता गेला, आणि जिच्यासाठी गेले ती भेटलीच नाही. एवढं आधी दोनदा वाच, मग पुढचं.

प्रिय सोनम, आता आशीर्वाद घे. आज्जीनं हातानं पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. शाळा माझी तिसरीपर्यंत. गुरुजींनी छडी मारून एवढंच शिकवलं होतं की बोलताना न्हाय म्हटलं तरी लिहिताना नाही लिहायचं. तेवढं डोक्यात राहिलं, बाकीची शाळा मेंढरांनी चरून टाकली. फोन करता आला असता. पण आपल्या घरातला फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो, आणि तू फोन करतेस तो शिवपुत्रच्या दुकानात. तिथं पाव किलो साखरेला आलेलं माणूससुद्धा साखर विसरून माझ्या तोंडाकडं बघत उभं राहतं. शिवाय मी बिभीषणचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. "आज्जी, आवाज येईना," म्हणतेस. शेळी व्याली ते ऐकू येतं, शिवपुत्रच्या बायकोचं दात दुखणं ऐकू येतं, बापाचं नाव तेवढं येत नाही. कागदाची रेंज जात नाही, म्हणून कागद.

तर मी तुझ्या विमानात बसले. शिवपुत्र दुकानासाठी काजू आणायला गोव्याला निघाला होता. मी म्हटलं, मलापण ने. तो म्हणाला, "अज्जी, गोव्यात तुझं काय काम?" म्हटलं, गोव्यात काही नाही, मधल्या वाटेत आहे. बिभीषणला सांगितलं, अकलूजला नणंदेकडं जाऊन येते. विमानाचं नाव काढलं असतं तर तो उठून मेंढरांकडं गेला असता, दोन दिवस तोंड दिसलं नसतं. निघताना त्याला एवढं बजावलं की माझी गाडी नवाला सुटेल, सव्वादहाला घर झाडून घे, त्याच्या आधी केरसुणीला हात लावू नकोस. तुला ठाऊक आहे आपल्यातली रीत. घरातलं माणूस वाटेला लागलं की ते ठिकाणाला पोचेपर्यंत मागं झाडायचं नाही. तू शाळेला गेलीस तरी शाळेची घंटा ऐकू आल्याशिवाय मी केर काढत नव्हते. तिथंच माझं चुकलं, पण ते पुढं सांगते.

मला वाटलं होतं, आपल्या अक्कलकोट गाडीचा कंडक्टर कसा वर्षानुवर्षं तोच, तशी सोलापूरच्या विमानात तू. तूच नव्हतं का सांगितलंस, मी सोलापूरच्या फेरीला असते म्हणून? मी ठेवणीतलं लुगडं नेसले. तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटून डब्यात भरली. शिडी चढताना पदर सारखा केला, कारण दारात तू उभी असणार आणि मला बघून तुझं तोंड कसं होईल ते मला नीट बघायचं होतं. आणि दारात उभी कोण? भलतीच पोर. हात जोडून "नमस्कार" म्हणाली. मी म्हटलं, "नमस्कार राहू दे, आमची सोनम कुटं हाय?" मागं शिडीवर लोक खोळंबले. ती म्हणाली, आज्जी, आधी बसून घ्या, मग सांगते. मी म्हटलं, आधी सांग, मग बसते. शेवटी शिवपुत्रनं मला पोत्यासारखं आत ओढलं. मग ती पोर माझ्याजवळ येऊन वाकली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही अंबुआज्जी ना? सोनम आज हैदराबादच्या फेरीला आहे. आमची वाट रोज बदलते." हैदराबाद! मी तुला भेटायला मावळतीकडं निघाले आणि तू उगवतीकडं. मी म्हटलं, मग मला खाली उतरव. तर दार लावून झालं होतं.

ती पोर म्हणजे तुझी प्रियंका, बेळगावची. आता उतरता येत नाही म्हटल्यावर मी ठरवलं, तू नाही तर तू नाही, तुझं काम तरी बघून घेऊ. कारण त्या कामावरूनच माझं घर दोन तुकडे झालंय. तू नोकरीचा कागद घेऊन आलीस त्या दिवशी मी परातीत पीठ मळत होते. बिभीषण म्हणाला, "विमानात लोकांची उष्टी गोळा कराया तुला बारावी शिकीवली व्हय?" आणि तू म्हणालीस, "मेंढरांमागं लेंड्या तुडवण्यापेक्षा बरं." दोघांनी नेम धरून मारलं आणि दोघांचाही नेम बसला. शोभता एकमेकांना. दुसऱ्या दिवशी तू माझ्या पाया पडलीस, त्याच्या नाही, आणि पहिल्या गाडीनं गेलीस. त्याला दोन उन्हाळे झाले. आई नसलेल्या पोरीला वाढवलं त्यानं, आणि विमान तरी तुला पहिल्यांदा कुणी दाखवलं? होटगी रोडच्या विमानतळाच्या तारेबाहेर आपली मेंढरं चरायची. सहा महिन्यांतून एखादं बारकं विमान उतरायचं. तुझा बाप तुला खांद्यावर घेऊन तारेला चिकटायचा, दोघांची तोंडं उघडी. तिकडं आवाजानं मेंढरं भडकून चौफेर पांगायची आणि ती गोळा करायला मी.

आता ऐक मी काय बघितलं. दार उघडं होतं तेव्हाच, माझ्याजवळ येऊन वाकायच्या आधी, प्रियंका मधल्या वाटेनं सावकाश चालत गेली. दोन्हीकडं नजर टाकत, ओठ न हलवता, बोटानं अंगठ्यावर दाब देत. मागच्या टोकाला जाऊन परत फिरली, पुन्हा तसंच. शिवपुत्र म्हणाला, काहीतरी हरवलं असेल. मी म्हटलं, गप रे, ती डोकी मोजतीय. मला कळणार नाही व्हय? जन्मभर मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभं राहून मी तेच केलं. एक आकडा जाताना, एक येताना, जुळला तरच कवाड लागायचं. तुझ्या आजोबांचा आणि माझा आकडा जुळला नाही तर रात्रीचं जेवण तसंच राहायचं. प्रियंकानं मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या पोरीकडं बघितलं, तिनं मान हलवली, तेव्हा दार लागलं. नंतर मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, हो आज्जी, आकडा जुळल्याशिवाय विमान हलत नाही. मी तिथंच बसल्या जागी हसले. अगं, बापावर चिडून कळप सोडून गेलीस आणि शेवटी करतेस काय?

मग ते उडालं. पंख्याचं विमान आहे, गिरणीसारखा आवाज. शिवपुत्रनं डोळे गच्च मिटून सिद्धरामेश्वराला हाका मारायला सुरुवात केली, त्या गोवा येईपर्यंत. मी खिडकी सोडली नाही. वरून आपला मुलूख म्हणजे ठिगळं लावलेलं घोंगडं दिसतं. भीमा आली आणि गेली, मी पान जुळवेपर्यंत. सुपारी तशीच चघळली, अडकित्ता नव्हता. पुढं थोड्या वेळानं कृष्णा आली, वळणावळणानं, आणि मग मात्र माझे हात थांबले. लग्न करून आले तेव्हा आम्ही कळप घेऊन कृष्णाकाठी जायचो. आठवड्यावर आठवडे चालायचं. दिवसाची मजल किती, तर कळपातलं सगळ्यात बारकं कोकरू चालेल तेवढी. तगड्या मेंढ्याला काय, तो पळेल; पण मजल त्याच्यावर ठरत नाही. त्याच वाटेवर, कुणाच्या तरी रानात, बाभळीखाली तुझा बाप जन्मला. तिसऱ्या दिवशी त्याला झोळीत घालून मी पुढच्या तळाला चालत गेले. विमान त्या बाभळीवरून गेलं असेल तेव्हा मी कागदाच्या कपातून पाणी पीत होते. अख्ख्या जन्माची पायपीट तुमच्या त्या यंत्रानं एका बैठकीत उरकली. मी सहसा कुणाला भलं म्हणत नाही, पण हे केलं ज्यानं त्याच्या आईनं चांगलं दूध पाजलं असणार.

आणि तुमचं काम. मी उष्टी गोळा करताना पण बघितलं, खोटं का सांगू? पिशवी घेऊन आली, कप-कागद घेतले. मग काय झालं? घरात पण कुणीतरी उचलतंच की. पण घाटावर आल्यावर विमान बैलगाडीसारखं हादरायला लागलं. एक बाई रडायला लागली, एक म्हातारा उठून उभा राहिला. प्रियंका सीटांना धरत गेली, म्हाताऱ्याला कानडीत दोन शब्द बोलून बसवलं, बाईला हिंदीत समजावलं, एका साहेबाला इंग्रजीत पट्टा बांधायला लावला, आणि मला मराठीत विचारलं, आज्जी, भीती वाटते का? मी म्हटलं, मला कशाची भीती, भीती ह्या शिवपुत्राला. तिच्या कपाळावर एक आठी नाही. सगळे बसले तेव्हाच ती बसली. मागं एक सुटाबुटातला तिला चुटकी वाजवून बोलवत होता. मी असते तर तीच बोटं मोडून हातात दिली असती. ती गेली, हसून म्हणाली, "सर, माझं नाव इथं लिहिलंय, वाचता येत असेल ना?" तो लालबुंद. हे तूच तिला शिकवलंस असं तिनं नंतर सांगितलं, तेव्हा मला वाटलं, चला, जीभ तरी माझ्या वळणावर गेली.

तिनं आणखी सांगितलं. तुम्हाला आगीत कसं शिरायचं ते शिकवतात, पाण्यात विमान पडलं तर लोकांना कसं बाहेर काढायचं ते शिकवतात, आणि सगळं विमान रिकामं करायचं ते दीड मिनटात. तू, जी विहिरीच्या काठाला उभी राहायला रडायचीस, ती पोहायला शिकलीस, आणि पहिल्या दिवशी नाका-तोंडात पाणी गेलं तरी बाहेर आली नाहीस. हे मला तू नाही, परक्या पोरीनं सांगितलं. उष्टी गोळा करायला कुणी पोहायला शिकवतं व्हय? हे मी आल्यावर बिभीषणला विचारलं. आणि तिनं एक असं सांगितलं, जे तिनं सांगायला नको होतं. सोलापूरला उतरताना तुम्ही ज्या उलट्या सीटवर बसता तिथं खिडकी नाही. तरी विमानानं शेवटचं वळण घेतलं की सोनम म्हणते, "आता आमचं वळसंग." दर वेळी. मी तिला म्हटलं, मग खाली उतरून अर्ध्या तासावर घर आहे ते कसं आठवत नाही तिला? ती म्हणाली, आज्जी, विमान अर्धा तासच थांबतं, आम्हाला बाहेर जाता येत नाही. ते मला पटलं. पण सुट्टी असते ना गं? विमानाला असते तशी माणसालापण असते.

गोवा काय बघितलं म्हणशील, तर फरशी. विमानतळाची गुळगुळीत फरशी, आणि मग मोटारीत बसून मडगाव, ते विमानापेक्षा जास्त वेळ खातं. शेंगाचटणी प्रियंकाला दिली, तुला मिळाली असेल तर डबा परत पाठव, झाकण घट्ट आहे त्याचं. येताना बसनं आलो. कंबर अजून माझ्याशी बोलत नाही.

घरी आले तर बिभीषण शेळीची धार काढत होता. वर न बघता म्हणाला, "अकलूज कसं हाय?" मी म्हटलं, बरं आहे, ऊस लई आहे. तो म्हणाला, "आई, नवाला निघून सव्वादहाला अकलूजला पोचवणारी गाडी एसटीनं अजून काढल्याली न्हाय. तेवढ्या वेळात पोचणारं वाहन एकच हाय, आन ते अकलूजला जात न्हाय." बघ, एवढं लपवून नेलं आणि केरसुणीनं पकडून दिलं. मी शिव्या खायला तयार होऊन उभी राहिले. दुधाची धार तेवढी वाजत होती. मग पाठमोराच म्हणाला, "खिडकीतनं गाव दिसतंय का?" म्हटलं, दिसतं, बोटाएवढं. पुन्हा थोड्या वेळानं, "तिला बसाय मिळतंय का गं? का दिसभर उबीच?" मी म्हटलं, ती नव्हती रे, दुसरी पोर होती. तेव्हा त्याची धार थांबली. शेळीनं मागं वळून बघितलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, डोकी मोजायचं, चुटकीवाल्याचं, पाण्याचं. त्यानं एकच विचारलं, "मोजती व्हय? दोन बाजूनं?" म्हटलं, दोन बाजूनं. "मग बराबर हाय," म्हणाला आणि भांडं उचलून आत गेला.

आता कशाला लिहिलं ते ऐक. तू गेल्या दिवसापासून तुझ्या खोलीत केरसुणी लागलेली नाही. मला वाटायचं, राग आहे त्याचा. दाराला कुलूप नाही, कडी नाही. पण मी केरसुणी घेऊन तिकडं वळले की तो मला काहीतरी दुसरं काम सांगायचा. तुझ्या पुस्तकांवर आता भाजी उगवेल एवढी धूळ आहे. गोव्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, बास झालं, तिचं विमान मी डोळ्यांनी बघितलं, वर जातं तसं खाली पोचतं, आज झाडते. त्यानं माझ्या हातातली केरसुणी काढून घेतली. म्हणाला, "तू पोचलीस. ती पोचल्याचं मला कुटं कळलंय?" म्हटलं, अरे, दुकानात फोन येतो की तिचा. म्हणाला, "दुकानात पोचली आसंल. हितं न्हाय." आणि केरसुणी दाराआड ठेवून मेंढरांकडं गेला. सोनम, तुम्ही विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजता. आम्ही वाट दारापासून दारापर्यंत मोजतो, आणि त्या मापानं तू दोन उन्हाळे वाटेतच आहेस. मजल बारक्या कोकरावर ठरते हे वर लिहिलंय, ते उगीच नाही. बोलण्यात तुझा बाप कळपातलं सगळ्यात बारकं कोकरू आहे, त्याला तुझ्यापर्यंत यायला जन्म लागेल. तुला पाय आहेत आणि पंखपण आहेत, म्हणून मागं वळायचं ते तू. हे पत्र शिवपुत्र विमानतळाच्या दारातल्या माणसाच्या हाती देईल, तो प्रियंकाकडं पोचवेल. मला उत्तर लिहू नकोस, तिच्या हाती काही पाठवू नकोस, दुकानात तर फोन अजिबात करू नकोस. बिभीषणच्या खिशातल्या फोनवर कर, आणि "पोचले" एवढंच म्हण, बाकीचं सुट्टी काढून येऊन म्हण. रेंज गेली तर परत लाव. मी केरसुणी मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसलेली असेन, पण फोन वाजला तरी हात लावणार नाही. उचलायचं त्यानं, आणि उत्तर द्यायचं ते पण त्यानंच.

तुझीच,
अंबुआज्जी